अख्खी लग्नसराई खिशात

फोन तोंडाजवळ धरला, नुसतं ‘सवडद’ म्हणालो आणि सवडदची माणसं पडद्यावर एकाखाली एक हजर! पोरीच्या लग्नाला मंडप नेलेले, वडलांच्या तेरवीला सतरंज्या नेलेले, सप्ताहाच्या कमिटीतले दोघं, तिथला आचारी, झालंच तर टेंपोवालासुद्धा. मग ‘शेंदुर्जन’ म्हणून पाहिलं. आली की शेंदुर्जनची माणसं! मग राताळी, मग मोहाडी, मग गोरेगाव. बायको चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, “आता काय पंचक्रोशीची हजेरी घेता का?” खरंच हजेरीच घेत होतो, राजेहो. आणि एकही गाव गैरहजर नव्हतं!

ज्यांच्या हातात हे यंत्र दहा-बारा वर्षांपासून आहे त्यांना यात काही नवल वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे. नात तर तोंडावरच म्हणते, “आबा, हे तर सगळ्याईलेच येते.” येत असेल. पण माझं स्पष्ट मत आहे की तुम्हा लोकांना या फोनची किंमत कळलेलीच नाही. तुम्ही त्यावर रील बघता. मी कॅसिओच्या डिजिटल डायरीवरून थेट इथं उडी मारली, मधली एकही पायरी न चढता. त्यामुळे मला जे दिसतंय ते तुम्हाला दिसायचं नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो.

साखरखेर्ड्यात माझं बिछायत केंद्र आहे. मंडप, कनाती, सतरंज्या, गाद्या-लोड, खुर्च्या, पातेली-कढया, जनरेटर, लायटिंग. गाव सिंदखेडराजा तालुक्यातलं, पण मेहकर आणि चिखली दोन्ही तालुके अंगाला लागून, त्यामुळे काम तिन्हीकडं. लोकांना वाटतं मंडपवाला कापड आणि पाइप भाड्यानं देतो. तसं नाही. मंडपवाला तारीख भाड्यानं देतो. कापड कमी पडलं तर दुसऱ्या गावच्या मंडपवाल्याकडून उसनं आणता येतं, तारीख उसनी मिळत नाही. तुळशीचं लग्न लागलं की आमचे दिवस सुरू. दाट तिथी आली की एका गावात गोरज मुहूर्त, तिथलं रात्रीतून सोडायचं, टेंपोत भरायचं, पहाटे दुसऱ्या गावात बल्ल्या रोवायच्या. त्यातच कुणाचं साक्षगंध, कुणाचं बारसं, मंदिराचा सप्ताह, जयंतीचा स्टेज. जानेवारीत १२ तारखेला जिजाऊ जयंतीसाठी सिंदखेडराजाकडं सगळी गर्दी लोटते, त्या दिवशी टेंपो कुणी द्यायला तयार नसतो. तिकडं हिवरा आश्रमाला विवेकानंद जयंतीचा महाप्रसाद असतो, पुरी आणि वांग्याची भाजी, लाखांनी माणूस जेवतं, त्या दिवसांत आचारी आणि वाढपी हाताला लागत नाहीत. आणि तेरवी काही मुहूर्त पाहून येत नाही! ती अशा वेळी येते की शेवटच्या सतरंज्या तुम्ही तासाभरापूर्वी लव्हाळ्याकडं पाठवलेल्या असतात.

एवढी सगळी गुंतागुंत इतकी वर्षं कशात होती? तर चष्म्याच्या डब्यापेक्षा जरा रुंद अशा एका कॅसिओत.

१९९८ च्या सुमारास मंडपाचं कापड आणायला मुंबईला गेलो होतो, तेव्हा घेतलेली डायरी. झाकण उघडताना टक् वाजायचं. वर राखाडी पडदा, खाली हरभऱ्याएवढी रबरी बटणं. ‘टेल’चं बटण दाबलं की नावं, ‘शेड्यूल’चं दाबलं की कामं, ‘मेमो’चं दाबलं की सामानाच्या याद्या. चारचौघांत बैठकीत ती काढली की दबदबाच वेगळा! मराठी तिला येत नव्हतं, सगळं इंग्रजी कॅपिटलमध्ये. कितीतरी नंबरांपुढं मी ‘पीपी’ लिहिलेलं आहे. हल्लीच्या पोरांना पीपी सांगावं लागतं. म्हणजे फोन त्या माणसाचा नाही, शेजारच्या किराणावाल्याचा. तिथं फोन करायचा, ‘जरा अमक्याला बोलवा’ म्हणायचं, दहा मिनिटांनी परत लावायचा. त्या दहा मिनिटांत किराणावाल्याला कळायचं की कुणाच्या घरी लग्न निघालंय, आणि संध्याकाळपर्यंत गावाला.

पुढं २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि हळूहळू गावागावात मोबाइल आले. साधा बटणांचा मोबाइल मीही घेतला, पण बोलण्यापुरता. तारखा आणि माणसं डायरीतच. बोलायचं यंत्र वेगळं, आठवायचं यंत्र वेगळं, ही वाटणी मला इतकी अंगवळणी पडली होती की मुलानं टच स्क्रीनचा विषय काढला की मी जेवणाचा विषय काढायचो.

शेवटी डायरीनंच हात टेकले. झाकणाची बिजागरी सुटली, तिला चिकटपट्टी लावली. मग पडद्यावरच्या बारीक उभ्या रेघा एकेक करून जायला लागल्या. यातली मेख बघा: अक्षर किंवा आकडा म्हणजे त्या पडद्यावरचे ठिपके. डाव्या बाजूची एक उभी रेघ मेली की तिथला ८ चा ३ दिसतो. नंबर नेहमी त्याच जागी उमटणार, म्हणजे प्रत्येक माणसाच्या नंबरातला तोच एक आकडा संशयित! चिखलीच्या घड्याळवाल्यानं उघडून पाहिलं, झाकण लावलं आणि चहा सांगितला. त्यावरून काय ते समजलो.

तर फोन आला. मुलानं आणला, नातीनं चालू केला, आणि पहिल्याच झटक्याला भाषा मराठी करून हातात दिला. ‘संपर्क’, ‘कॅलेंडर’, ‘गजर’. अहो, सगळं मराठीत! मला वाटलं होतं की वरवरची पाटी मराठी असेल आणि आत गेलं की पुन्हा इंग्रजीच. नाही हो, आतपर्यंत मराठी आहे. अँड्रॉइडच्या फोनांना ही मराठी २०१४ च्या लॉलिपॉप नावाच्या आवृत्तीपासून येते म्हणे. इतकी वर्षं हे माझ्या आसपास फिरत होतं आणि मला कुणी धरून बसवून दाखवलं नाही, याचा राग येतो कधी कधी.

आता डायरीतली माणसं फोनमध्ये न्यायची कशी? केबल नाही, ब्लूटूथ नाही, डायरी मुकी. मी वही घेऊन बसलो होतो, एकेक नाव उतरवायला. नात म्हणाली, “थांबा नं आबा.” तिनं फोनचा कॅमेरा डायरीच्या पडद्यावर धरला, लेन्स का काय ते उघडलं, आणि पडद्यावरची अक्षरं फोननं चक्क वाचली! नाव वेगळं, नंबर वेगळा. बोट लावलं, कॉपी केलं, संपर्कात टाकलं. मी उभाच राहिलो. एका यंत्राला दुसऱ्या यंत्राचं वाचता येतं, तेही वर्षानुवर्षं जुन्या, अर्ध्या मेलेल्या पडद्यावरून!

तो संशयित आकडा मात्र फोनलाही ३ च दिसत होता. यावर त्या पोरीनं जी युक्ती काढली तिच्यासाठी तिला मी चिखलीहून घड्याळ आणून दिलं. ती म्हणाली, “आबा, नंबराच्या आधी एक जागा मोकळी टाका बरं.” टाकली. सगळा नंबर एक घर उजवीकडं सरकला, संशयित आकडा मेलेल्या रेघेवरून बाजूला झाला आणि लख्ख ८ दिसायला लागला! मग काय, संध्याकाळी दुकान वाढवलं की ओसरीवर आमचा कारखाना सुरू. मी डायरीत जागा टाकायचो, ती फोटो धरायची, आणि प्रत्येक नावापुढं आम्ही मराठीत गावाचं नाव लिहायचो.

आणि मग तो प्रकार झाला ज्यासाठी मी फोनवाल्या कंपन्यांना सगळं माफ करायला तयार आहे. नंबर टाकला की व्हॉट्सअ‍ॅपमध्ये त्या माणसाचा फोटो दिसतो! डायरीत माझ्या लेखी जे नुसतं नाव आणि दहा आकडे होते, त्यांना तोंडं आली. एका नंबरावर एक तरुण बाई, कडेवर पोरगं, मागं ट्रॅक्टर. मी ओळखेना. बायको मागून म्हणाली, “अहो, ही वरोडीची ती पोरगी नाही का, जिच्या लग्नात वादळानं मंडप उडाला होता!” नंबर तिच्या वडलांचा होता, आता फोन तिच्याकडं आहे. मी फोन लावला. ती आधी म्हणाली, “मंडपवाले काका?” आणि मग हसत सुटली. त्या वादळाचं आम्ही दोघं किती वेळ बोललो! काही फोटोंना हार घातलेले होते. ते नंबर मी काढले नाहीत. मुलं तोच नंबर चालवतात, आणि पुढचं लग्न त्या मुलांच्या घरातलंच असतं.

बोलून लिहायचं तर मी अजून पुरतं सांगितलंच नाही. कीबोर्डवर माइकचं चित्र आहे. ते दाबायचं आणि बोलायचं. गुगलनं मराठीला ही सोय २०१७ च्या ऑगस्टमध्ये दिली. मी पहिल्यांदा अगदी भाषणाला उभा राहिल्यासारखा शुद्ध बोललो: ‘सतरंज्या चाळीस, लोड बारा, ओगराळी सहा.’ आलं! जसंच्या तसं! शहरातल्या पोरांना ओगराळं दाखवलं तर ते पळी म्हणतील, आणि या यंत्राला ते लिहिता येतं. ‘कनात’ म्हटलं तर मात्र त्यानं ‘कणाद’ लिहिलं, म्हणजे माझ्या यादीत एकाएकी ऋषीच आले. पण दोन-तीनदा आपण सुधारून दिलं की काम भागतं. आणि आपल्या बोलीत बोललो तरी बरंच कळतं त्याला. पूर्वी रात्री मंडप सोडून आलं की चष्मा लावून, हरभऱ्याएवढ्या बटणांवर इंग्रजी टोचत बसावं लागे. आता टेंपोत बसल्या बसल्या बोलतो: दोन खुर्च्या मोडल्या, एक हॅलोजन फुटला, झालर त्यांच्याकडंच राहिली. घरी येईपर्यंत हिशेब लिहून तयार!

खरी गंमत मात्र कॅलेंडरात आहे. तिथं जरा थांबू या, कारण माझा सगळा जीव तिथंच आहे.

डायरीत एका वेळी एकच काम दिसायचं. पुढचं पाहायचं तर खालचं बटण, त्याच्या पुढचं पाहायचं तर पुन्हा खालचं बटण. अख्खा वैशाख कसा दिसतो, हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. फोनवर महिना उघडला आणि दिसला! लग्नं लाल, साक्षगंध पिवळं, सप्ताह भगवा, तेरवी करडी. रंग मी ठरवले. ज्या दिवशी लाल दाटलं ती दाट तिथी, ज्या आठवड्यात काहीच नाही त्या आठवड्यात कापड धुवायला टाकायचं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना पूर्वी मी ‘बघून सांगतो’ म्हणायचो आणि तो तेवढ्यात दुसऱ्या मंडपवाल्याकडं जायचा. आता महिनाच त्याच्यासमोर धरतो. “हे बघा, या दिवशी माझी दोन लग्नं आहेत, तुम्हाला मी छोटा मंडप देईन. पण तुमच्या गुरुजींनी हा आदल्या दिवसाचा मुहूर्त काढला तर सगळं सामान तुमचंच.” माणूस तिथल्या तिथं गुरुजींना फोन लावतो. मुहूर्तासाठी भिंतीवरचं कालनिर्णय आहेच. साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलं तेव्हापासून ज्या खिळ्यावर ते टांगलं जातं तो खिळा आमच्या घरात बदललेला नाही. आता त्याचंही अ‍ॅप फोनमध्ये आहे. इकडं तिथी, तिकडं तारीख, बोटानं सरकवलं की झालं.

एका कामाच्या पोटात केवढं मावतं ते बघा. वर नाव: ‘लग्न, उमनगाव’. खाली वेळ. त्याखाली जागा. त्याखाली टीप म्हणून सामानाची सगळी यादी, बयाणा किती आला, किती राहिला, जनरेटर आपला की त्यांचा, विहिरीवरून पाणी मिळेल की जार न्यायचे. आणि त्याखाली इशारे, एकाच कामाला दोन-तीन लावता येतात. मी आठवडाभर आधीचा एक लावतो, तेव्हा आचाऱ्याला फोन करायचा असतो. एक आदल्या दिवशीचा, टेंपो भरायचा. आणि लग्नानंतर चार दिवसांनी वेगळी नोंद करून तिचा एक, उरलेल्या पैशांचा! त्या तिसऱ्या इशाऱ्यानं जेवढी वसुली झाली तेवढी माझ्या वडलांच्या लाल वहीनंही कधी केली नसेल. डायरीतही गजर होता, नाही असं नाही. टिटि टिटि असा वाजायचा, पण डायरी कोटाच्या खिशात, कोट खुंटीवर आणि मी मंडपात. फोन मंडपात माझ्यासोबत असतो, हा फरक.

शोधायचं तर विचारूच नका. ‘जनरेटर’ लिहिलं की ज्या ज्या कामाला जनरेटर लागला ती सगळी कामं पुढ्यात. डिझेलचा हिशेब बसल्या जागी लागला. मुलाच्या फोनवर धंद्याचं तेच खातं घातलंय, त्यामुळे मी इथं दुकानात तारीख टाकली की तो मेहकरला असला तरी त्याच्या फोनवर दिसते. पूर्वी आम्हा बापलेकांची भांडणं व्हायची ती निम्मी ‘तुम्ही मला सांगितलंच नाही’ यावरून असायची. आता भांडायला दुसरे विषय शोधावे लागतात.

आणि लोकेशन! आमच्याकडं निम्मी माणसं शेतात वस्ती करून राहतात. पत्ता कसा सांगणार? “फाट्यावरून आत या, बाभळीपाशी डावीकडं वळा, मग कुणालाही विचारा.” रात्री दहा वाजता त्या बाभळीपाशी विचारायला कुत्रं नसतं. आता म्हणतो, “लोकेशन टाका भाऊ.” ती टिंबाची खूण कॅलेंडरातल्या त्या कामाला चिकटवून ठेवायची. टेंपोवाला बोट लावतो आणि फोनमधली बाई त्याला बाभळीसकट वस्तीपर्यंत नेऊन सोडते. एकदा तिनं नाल्यात नेलं, पण पावसाळ्याआधी तिथं रस्ता होता, हेही खरं.

इतकं सगळं पाहिल्यावर मला प्रश्न पडला, हे काढलं कुणी? मग तेही फोनलाच विचारलं, आणि जे कळलं त्यानं रात्री झोप आली नाही. इलेक्ट्रॉनिक डायरीची कल्पना १९७५ साली कुणी मांडली? सॅम पित्रोदांनी! तेच पित्रोदा, ओडिशातल्या टिटलागढला जन्मलेले, ज्यांच्या सी-डॉटनं १९८४ पासून खेड्यांसाठी धुळीत, उन्हात, एसीशिवाय चालणारी छोटी टेलिफोन एक्स्चेंजेस बनवली. आमच्या भागात ते किराणावाल्याचे फोन वाजायला लागले त्यामागं तेच काम. म्हणजे माझ्या डायरीचं मूळ आणि डायरीत भरलेल्या पीपी नंबरांचं मूळ एकाच माणसापाशी! हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? कॅसिओनं खिशात मावणारी डायरी १९८३ साली आणली. पुढं अमेरिकेत जेफ हॉकिन्स नावाचा इंजिनिअर आपलं पाम पायलट बनवण्याआधी तेवढाच लाकडी ठोकळा खिशात घालून हिंडायचा आणि कुणी तारीख मागितली की ठोकळ्यावर लिहिल्याचं सोंग करायचा. १९९६ साली ते पायलट बाजारात आलं. आणि डायरी नि फोन एकाच डब्यात घालायचा उद्योग आयबीएमनं त्याच्याही आधी, १९९४ साली केला होता, सायमन नावाचा. बॅटरी तासाभरात मान टाकायची म्हणून चालला नाही. जे मला आज कळलं ते त्यांना तेव्हा कळलं होतं, फक्त बॅटरी नव्हती.

माझ्या डायरीत ६४ केबी जागा होती. फोनमध्ये १२८ जीबी. नातीनं भागाकार करून दाखवला: एकवीस लाखांच्या जवळ डायऱ्या! आमच्या बुलढाणा जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या पंचवीस लाख ८६ हजार. म्हणजे जिल्ह्यातल्या दर पाच माणसांतल्या चौघांना एकेक कॅसिओ वाटता येईल एवढी जागा माझ्या खिशात आहे, आणि मी त्यात ठेवलंय काय, तर सतरंज्यांचा हिशेब.

त्याच भरात एका रात्री फोनला आमच्याच गावाचं नाव विचारलं. प्रल्हाद महाराजांचं संस्थान आलं, पलसिद्ध महाराजांचा मठ आला, ते तर आम्हाला रोजचंच. पण १७२४ ची लढाई नीट नावानिशी मी पहिल्यांदा वाचली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांच्या फौजा इथं भिडल्या, मुबारिझखान पडला, हैदराबादच्या निजामाचं राज्य तिथून पक्कं झालं आणि गावाचं नाव काही काळ फत्तेखेर्डा. लोक तलवारी डोळ्यांपुढं आणतील. मला आधी दिसले ते तंबू आणि कनाती. दोन बादशाही फौजांचा तळ! केवढं कापड, किती मेखा, आणि हरलेल्या बाजूचं सामान सोडून कुणी नेलं असेल?

डायरीची बाजूही मांडतो, नाहीतर तिला वाईट वाटेल. दोन बटन सेलवर ती महिनोन् महिने चालायची. फोन रोज रात्री चार्जरला लावावा लागतो, आणि लग्नाच्या मंडपात चार्जिंगचा बोर्ड मोकळा सापडणं म्हणजे नवरीला एकटं गाठण्याइतकं अवघड. डायरीनं मला कधी ‘शुभ सकाळ’ केलं नाही. मे महिन्याच्या उन्हात तिचा पडदा फोनपेक्षा चांगला दिसायचा. आणि डायरी कुणी मागायचं नाही. फोन मात्र नातू हिसकून घेतो, आणि परत मिळतो तेव्हा त्यात गाड्यांच्या शर्यती चालू असतात.

तरीही माझा निकाल पक्का आहे. वय झालं, धंदा मुलाकडं द्या, असं लोक म्हणायला लागले होते, आणि त्याचं कारण माझे गुडघे नव्हते. तारखा डोक्यात राहत नव्हत्या, डायरीत दिसत नव्हत्या. आज मी माझ्या तिशीत होतो त्यापेक्षा नीट धंदा करतो आहे. बयाणा दुकानातल्या क्यूआर कोडवर येतो, पेटीतली बाई रक्कम मोठ्यानं सांगते, गिऱ्हाईक दारातून बाहेर पडायच्या आत तारीख लाल होते. येत्या तुळशीच्या लग्नापासून पुढच्या वैशाखापर्यंतच्या तिथ्या आत्ताच लावून ठेवल्यात. माझ्या वयाच्या मंडपवाल्यांनो, आचाऱ्यांनो, बँडवाल्यांनो, विमा एजंटांनो, ऐका: घरातल्या पोरांना एक संध्याकाळ मागून घ्या. दोन तास बसा. हसतील, हसू द्या.

आणि कपाटात अशी जुनी डायरी पडलेली असेल तर आजच काढा. तिच्यात एक मुख्य सेल असतो, एक बॅकअपचा. दोन्ही एकदम काढले की सगळं पुसलं जातं, परत येत नाही. आधी एक बदला, पडदा बघा, मग दुसरा. नावं उतरवायला घ्या. फोनमध्ये पहिला नंबर सेव्ह करताना तो विचारतो, ‘फोनमध्ये ठेवू की गुगल खात्यात?’ तिथं खातंच निवडा. फोन विहिरीत पडला तरी माणसं वर राहतात.